कृत्रिम खडकाची कुंडी: दोन रविवारांची कार्यशाळा आणि माझा चीर पाइन

माझ्या गच्चीवर एक चीर पाइन आहे, हिमालयातलं सूचिपर्णी झाड. वय नऊ वर्षं, उंची दीड फूट, खोड अंगठ्याहून जरा जाड. मुलीने उत्तराखंडातल्या एका नर्सरीतून वीतभर रोप प्लास्टिकच्या पिशवीत आणलं होतं. पुण्याच्या हवेत ते जगेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण जगलं. इतकी वर्षं ते मातीच्या गोल कुंडीत होतं आणि मला ते नेहमी खटकायचं. राणीखेतच्या वाटेवर मी हीच झाडं रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भेगांतून बाहेर आलेली पाहिली होती. मूळ खडकात रुतलेलं, खोड आधी दरीकडे झुकलेलं आणि मग उजेडाकडे वळलेलं. माझ्या पाइनला खडक हवा, हे त्या प्रवासातच पक्कं झालं.

खरा दगड वापरायचा विचार आधी केला. ओळखीच्या पाथरवटाने सांगितलं, "खळगा कोरून देतो, पण ताई, तो गच्चीवर चढवायला चार माणसं लागतील." दोन फुटांचा भरीव काळा पाषाण साठ-पासष्ट किलोंच्या आसपास जातो. तो नाद सोडला. मग एका दुकानातून २८०० रुपयांना फायबरचा तयार खडक आणला. दिसायला बरा होता, पण पोकळ. टिचकी मारली की डब्यासारखा वाजायचा, आणि एका उन्हाळ्यात त्याचा रंग उडून तो खरकट्या भांड्यासारखा पांढुरका झाला. झाड त्यात लावलंच नाही.

म्हणून गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मी खडकवासल्याच्या पुढच्या एका नर्सरीत कृत्रिम खडकाची कुंडी बनवायच्या कार्यशाळेला गेले. लागोपाठचे दोन रविवार, सकाळी नऊ ते चार. फी ४२०० रुपये. त्यात सगळं सामान, दुपारचं जेवण आणि एक छोटं पाइनचं रोप. आपण केलेली कुंडी आपणच घरी न्यायची. नर्सरीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे दोन तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना समोर बसून सांगितल्या आहेत. पण अशा कार्यशाळा आता बऱ्याच ठिकाणी होतात. जाणाऱ्याला माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझ्याबद्दल एवढंच, की मी बत्तीस वर्षं सरकारी बांधकाम साहित्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. १५० मिलिमीटरचे काँक्रीटचे क्यूब सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली दाबायचे आणि आकडा वहीत लिहायचा, हे माझं रोजचं काम. त्यामुळे सिमेंट कालवताना मी हातांकडे बघते, बोलण्याकडे नंतर.

शिकवणारे सर पस्तिशीचे. त्यांचे हात बघून मी पहिल्या अर्ध्या तासातच निश्चिंत झाले. त्यांनी सांगितलं, की लहानपणी पेठेत राहायचो आणि दिवाळीला वाड्याच्या अंगणात किल्ला करायचो. विटा आणि डबर रचायचं, वर गोणपाट टाकायचं, त्यावर पातळ चिखल ओतायचा, आणि गोणपाटाला जिथे चुणी पडेल तिथे कडा, जिथे खोलगट बसेल तिथे दरी. मग अळीव पेरायचे. "काकू, मी आजही तेच करतो, फक्त चिखलाच्या जागी सिमेंट आलं," असं ते म्हणाले. आणि ते खरंच होतं. खडकाच्या घड्या त्यांनी थापीने कोरल्या नाहीत. सिमेंटच्या पातळ घोळात बुडवलेलं गोणपाट सांगाड्यावर टाकलं, दोन बोटांनी ओढलं आणि सोडून दिलं. कड्याच्या उभ्या रेघा आपोआप पडल्या. बाकीच्यांचं माहीत नाही, मला त्या क्षणी फी वसूल झाल्यासारखं वाटलं.

सांगाडा सहा मिलिमीटरच्या सळीचा. सळी चंद्रकोरीसारखी वाकवायची, कोरीच्या पोटात झाडाचा खळगा, आणि सगळ्याभोवती चिकन मेश बाइंडिंगच्या तारेने आवळायची. पकडीने तार पिळताना जाळीची टोकं बोटांना लागतात, म्हणून हातमोजे घरूनच न्या. तिथे दिलेले पातळ होते, जेवणाच्या आधीच फाटले. सांगाड्याला पुरेसा वेळ देतात, ही चांगली गोष्ट. आमच्यातल्या एका दादांनी घाई केली, त्यांची जाळी सैल राहिली आणि माल थापताना सगळा खडक हलायला लागला. सरांनी न रागावता त्यांना पुन्हा पहिल्यापासून बांधायला लावलं.

माल एकास दीड. एक घमेलं सिमेंट, दीड घमेलं बारीक चाळलेली वाळू, वर अर्धं घमेलं परलाइट, म्हणजे बागकामात वापरतात ते हलके पांढरे दाणे. प्लास्टरमध्ये घालतात ते फायबर, ज्याची १२५ ग्रॅमची पुडी मिळते, त्यातलं चिमूटभर. माल चिकटून धरावा म्हणून पाण्यात थोडं लेटेक्स. परलाइटमुळे माल हलका होतो आणि सुकल्यावर पृष्ठभाग खऱ्या दगडासारखा किंचित रवाळ दिसतो. थर पाऊण इंचाचा, दोन हातांत. पहिला हात जाळीत दाबून बसवायचा आणि ओला असतानाच खिळ्याने ओरखडायचा, म्हणजे दुसरा हात त्याला धरतो. हे सगळं कुठल्याही चांगल्या गवंड्याला माहीत असतं, पण बोन्साय करणाऱ्या माणसाने ते इतक्या नीट शिकवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. माझी कुंडी तयार झाल्यावर घरच्या वजनकाट्यावर ठेवली, १४ किलो भरली. मी एकटी उचलू शकते.

आता त्यांची सगळ्यात चांगली गोष्ट सांगते. ती दिसत नाही, म्हणून तिचं कौतुक कुणी करत नाही. खळग्याचा तळ. इतर ठिकाणी मी पाहिलंय, तळाला मधोमध एक भोक पाडतात आणि झालं. इथे अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे तीन तुकडे सांगाड्यातच बांधून घेतले, आणि माल ओला असताना अंगठ्याने तळाला ढाळ काढायला लावला. बाथरूमच्या फरशीला नहाणीकडे ढाळ काढतात, अगदी तसा. सर प्रत्येकाच्या खळग्यात तांब्याभर पाणी ओतत आणि खाली वाकून बघत बसत. पाणी कुठे थांबतंय? माझ्या खळग्यात डाव्या कोपऱ्याला चमचाभर साचलं. त्यांनी माझं बोट धरून त्या कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "इथे दाबा, काकू. पाइनची मुळं इथेच कुजतील." मी दाबलं. पुन्हा पाणी, पुन्हा बघणं. तिसऱ्या वेळी तळ कोरडा झाला. पाइनला पाणी चालतं, साचलेलं पाणी चालत नाही. एवढी एक गोष्ट त्यांनी आठही जणांच्या हातात घातली.

खळग्याची खोली साडेचार इंच, तोंड नऊ इंच. जपानी लोक झाड असं खडकाच्या पोटात लावतात त्याला इशित्सुकी म्हणतात. मुळं दगडावरून ओघळून खालच्या मातीत जातात ती पद्धत वेगळी, ती सेकिजोजु. सरांनी दोन्हींचे फोटो दाखवले आणि स्पष्ट सांगितलं, की दुसऱ्या प्रकाराला मुळं दगडावर घट्ट बसायलाच कितीतरी वर्षं लागतात. लोकांना खोटी आशा न दाखवणारा शिक्षक मला आवडतो.

पहिल्या रविवारी खडक उभा राहिला. मधले सात दिवस नर्सरीतल्या माणसांनी गोणपाट गुंडाळून रोज पाणी मारलं. हेही बरोबर. साध्या पोर्टलँड सिमेंटला निदान सात दिवस पाणी हवंच, आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, तसं लिहिलंय, आणि फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख, असलेल्या सिमेंटला दहा दिवस. दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा खडक अजून ओलसर, गार होते. नखाने ओरखडा उठत नव्हता.

दुसरा रविवार रंगांचा. फरशीत घालतात ते काळं, लाल आणि पिवळं ऑक्साइड, पाण्यात अगदी पातळ. आधी सगळीकडे काळसर पाणी फिरवायचं, ते भेगांत उतरतं. मग फडक्याने उंचवटे पुसून घ्यायचे. इथे माझं सरांशी पटलं नाही. त्यांनी सगळ्यांना पांढऱ्या शिरा काढायला लावल्या, संगमरवरासारख्या तिरप्या. मी घराच्या पायाच्या खोदाईत निघालेला एक दगड पिशवीत घालून नेला होता. तो पुढे ठेवला. आपला सह्याद्री लाव्हाचा आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचा. थरावर थर बसले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. त्या दगडात तिरप्या शिरा नव्हत्या. हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोकं होती आणि त्यांतल्या काहींत पांढरे स्फटिक भरलेले. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, घाटात कापलेल्या डोंगरात तो लगेच दिसतो. मी माझ्या खडकावर शिरा काढल्या नाहीत. जुन्या दात घासायच्या ब्रशने काळे ठिपके उडवून भोकं दाखवली, त्यांतल्या दहा-बारा भोकांत पांढरा ठिपका ठेवला आणि मधून आडवी एक तांबडी पट्टी घेतली. सरांनी तो दगड हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा मी ठेवू का?" दिला मी.

इथवर मी पाचपैकी पाच दिले असते. घरी आल्यावर जे झालं त्यामुळे साडेतीनच देते.

फीबरोबर मिळालेलं छोटं रोप त्यांनी त्याच दुपारी आमच्याकडून नव्या खडकात लावून घेतलं. सगळ्यांनी लावलं, मीही. घरी आणलं, फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. तीन आठवड्यांत त्या रोपाच्या शेंड्याच्या कोवळ्या सुया पिवळ्या पडल्या. जुन्या हिरव्या आणि नव्या पिवळ्या. पाणी कमी पडलं असतं तर आधी टोकं करपली असती. हे वेगळं होतं. कार्यशाळेतल्या दुसऱ्या एका ताईंना फोन केला, त्यांच्या रोपाचंही तेच.

रात्री झोप येईना आणि एकदम आठवलं. प्रयोगशाळेत आम्ही जुनं काँक्रीट फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन शिंपडायचो. जिथे चुना ताजा आहे तिथे गुलाबी रंग येतो, जिथे हवेने तो मरून गेला आहे तिथे रंग येत नाही. पुलाच्या सळ्या गंजायच्या बेतात आहेत का, ते त्यावरून कळतं. बत्तीस वर्षांत मी ते शेकडो वेळा केलं, पण त्या चुन्याचं पाणी झाडाच्या मुळांना काय करेल हा प्रश्न माझ्यासमोर कधी आलाच नव्हता.

सकाळी केमिकलच्या दुकानातून छोटी बाटली आणली. रोप अलगद काढून जुन्या कुंडीत ठेवलं, खळगा धुतला आणि तळाशी एक थेंब सोडला. थेंब पडला, क्षणभर पारदर्शक राहिला, आणि मग कडेने आत रंगत गेला, थेट जास्वंदीच्या रंगाचा. दुसरा थेंब कड्यावर, तोही तसाच. सामूची, म्हणजे पीएचची, पट्टी खळग्यातल्या साचवलेल्या पाण्यात बुडवली, बारा, म्हणजे कडक अल्कधर्मी. पाइनला माती किंचित आम्ल लागते, साडेपाच ते साडेसहा सामूची. बाराच्या पाण्यात मुळांना लोह उचलता येत नाही, म्हणून नवी पालवी पिवळी. कारण लख्ख समोर होतं. सिमेंट घट्ट होताना त्यातून मोकळा चुना सुटतोच. तो काढून टाकल्याशिवाय त्यात झाड लावायचंच नसतं.

ही माझी मोठी तक्रार. दोन दिवस ढाळ शिकवणाऱ्या माणसाने हे सांगायला हवं होतं. त्याच दिवशी रोप लावून देणं हा फोटोसाठी केलेला प्रकार आहे, झाडासाठी नाही. मी त्यांना भेटून पट्टी आणि बाटली दोन्ही दाखवली. त्यांनी वाद घातला नाही, पण "आजवर कुणी तक्रार केली नव्हती" असं म्हणाले. मला वाटतं लोकांची झाडं मेली आणि त्यांनी दोष स्वतःच्या पाणी घालण्याला दिला.

मी पुढे काय केलं ते लिहिते, कारण कुणीही हे घरी करू शकतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंडी मोठ्या प्लास्टिकच्या टबात पूर्ण बुडवली. दर तिसऱ्या दिवशी पाणी बदललं. ते पाणी झाडांना घालू नका, सरळ मोरीत सोडा. पहिले काही दिवस टबाच्या कडेला पांढरी साय धरायची, ती ब्रशने घासून काढत होते. महिनाअखेरीला पट्टी दहावर आली. फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठ. पंचेचाळीस दिवस लागले. खडक आतून फोडला तर अजूनही गुलाबी होईलच, पण पाण्यात उतरणारा चुना पुरता ओसरला होता. पुन्हा करायची झाली तर मी फ्लाय अॅशचं, म्हणजे दुकानात पीपीसी म्हणून मिळतं ते सिमेंट घेईन. फ्लाय अॅश सुटलेला बराचसा चुना स्वतःच खाऊन टाकते. ते हळू ताकद धरतं, पण कुंडीला घाई कसली.

दुसरी तक्रार तारेची. झाड खळग्यात बांधून ठेवायला तारेचे आकडे मालातच पुरतात. त्यांनी बोन्सायची अॅल्युमिनियमची तार पुरायला दिली. ओल्या सिमेंटमध्ये अॅल्युमिनियम टिकत नाही, चुना त्याला खातो. टबातून काढल्यावर चारपैकी दोन आकडे हातात आले, मुळाशी पांढरी भुकटी. मग ड्रिलने बारीक भोकं पाडून तांब्याची तार आरपार घेतली आणि खालून पिळली. तांबं घ्या, नाहीतर स्टेनलेस. थोडं महाग पडतं, पण झाड एकदा लावल्यावर आकडा बदलता येत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी, नव्या कळ्या फुगायच्या आत, माझा नऊ वर्षांचा पाइन त्यात लावला. माती म्हणून विटांचे चाळलेले तुकडे, जाड वाळू, थोडं कुजलेलं शेणखत, आणि जुन्या कुंडीतली दोन मुठी माती. त्या जुन्या मातीत मुळांभोवती पांढऱ्या बुरशीचे धागे होते. ते धुऊन टाकायचे नसतात, पाइन त्यांच्या आधारानेच मातीतलं अन्न ओढतो. पहिले दोन महिने मी रोज सकाळी उठले की आधी शेंडा बघायला जायची. एप्रिलमध्ये मेणबत्त्यांसारखी नवी फूट आली, हिरवीगार. मी तिथेच गच्चीत बसून राहिले.

मे महिना कठीण गेला, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. काळा खडक तापतो, आणि खळग्यात माती मूठभर. सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि दुपारी ५० टक्क्यांची हिरवी जाळी. गावाला जायचं असेल तर शेजारच्यांना किल्ली द्या. जुलैत मात्र मजा आली. खडकाच्या उत्तरेकडच्या अंगाला, गोणपाटाच्या एका घडीत, आपोआप शेवाळ धरलं. चुना पहिल्यासारखा उतरत राहिला असता तर ते इतक्या लवकर आलं नसतं. आता डिसेंबर आहे. ते तांबड्या पट्टीपर्यंत पोचलंय आणि पांढऱ्या ठिपक्यांमधून वाट काढत वर चाललंय. रंगाला काही झालेलं नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला तरी ऑक्साइड तसंच आहे, तडा कुठेही नाही.

चीर पाइनबद्दल एक सूचना. याच्या सुया तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि रानात वीतभरापेक्षा लांब होतात. छोट्या खडकात त्या बोजड दिसतात. त्यामुळे कुंडी दोन फुटांपेक्षा लहान करू नका. ज्यांच्याकडे जपानी काळा पाइन आहे, ज्याच्या सुया दोन-दोन आणि आखूड, त्यांना लहान खडकही शोभेल. पण तो पुण्याच्या उन्हाला जास्त जपावा लागतो.

छोटं रोप वाचलं. पिवळ्या सुया गळून गेल्या, खालून नवी फूट आली. ते साध्या मातीच्या कुंडीत आहे आणि दोन वर्षं तिथेच राहील. त्या ताईंचं मात्र गेलं. त्यांना मी माझ्या उरलेल्या फिनॉल्फ्थॅलीनची बाटली दिली.

जावं का? जावं. गोणपाटाचा कडा आणि तळाचा ढाळ या दोन गोष्टी अशा हातात धरून शिकवणारं मला पुण्यात दुसरं कुणी भेटलेलं नाही. फक्त रोप त्या दिवशी लावू नका, रिकामी कुंडी घरी आणा. मला परवाच सरांचा फोन आला होता, जानेवारीच्या तुकडीला एक तास चुन्यावर बोलायला याल का म्हणून. मी हो म्हटलंय. नणंदेचंही नाव घातलंय, आणि तिच्यासाठी तांब्याची चार मीटर तार कालच आणून ठेवली.